५३ बाइटांची सेल आणि व्हीसीआय ३५

प्रश्न : जुन्या ब्रॉडबँडच्या मोडेममध्ये ‘व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५’ असे आकडे भरावे लागत. ते एटीएम जाळ्याचे आहेत, असे वाचले. मग सर्वांना एकच आकडे कसे चालत? आणि या जाळ्याचे थर नेमके काय करतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : बीएसएनएलच्या जुन्या ग्राहकांना हे आकडे आठवत असतील. व्हीपीआय म्हणजे आभासी मार्गाचा क्रमांक आणि व्हीसीआय म्हणजे त्या मार्गातल्या आभासी वाहिनीचा क्रमांक. येथे एटीएम म्हणजे पैसे देणारे यंत्र नव्हे, तर ‘असिंक्रोनस ट्रान्सफर मोड’. या जाळ्यात आवाज असो वा संगणकाची माहिती, सारे काही ५३ बाइटांच्या सेलमधूनच, म्हणजे ठरावीक आकाराच्या छोट्या पुडक्यांतूनच, जाते. त्यांपैकी ५ बाइट हेडरचे, म्हणजे सेल कोठे न्यायची हे सांगणाऱ्या शीर्षभागाचे, आणि ४८ मजकुराचे. सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने येणारा आवाज ४८ बाइट भरायला ६ मिलिसेकंद घेतो. सेल मोठी केली तर आवाज रेंगाळतो आणि प्रतिध्वनीचा त्रास वाढतो, म्हणून युरोपचा आग्रह ३२ बाइटांचा होता, तर अमेरिकेचा ६४ चा. ४८ ही त्यांतली तडजोड.

सर्वांत खालचा भौतिक थर तारेवरून बिट वाहून नेतो. सर्वांत वरचा अनुकूलन थर, म्हणजे एएएल, फक्त दोन्ही टोकांना असतो. त्याचा पाचवा प्रकार १,५०० बाइटांच्या पॅकेटला शेवटी ८ बाइटांची पुरवणी जोडतो आणि त्याचे ३२ सेलांत तुकडे करतो; मजकूर बिघडला आहे का, हेही तोच पलीकडच्या टोकाला तपासतो. हेडरपायी सुमारे साडेनऊ टक्के क्षमता खर्ची पडते, आणि माझ्या मते इंटरनेटच्या पॅकेटांसाठी ही किंमत जास्तच होती.

मधला एटीएम थर मात्र मला फार सुंदर वाटतो. वाटेतला स्विच मजकूर उघडत नाही. तो हेडरमधील व्हीपीआय आणि व्हीसीआय वाचतो, आपल्या तक्त्यात पुढची तार शोधतो आणि पुढच्या टप्प्याचे नवे आकडे लिहून सेल रवाना करतो. हे आकडे पत्त्यासारखे जाळेभर लागू नसतात, केवळ त्या एका तारेपुरते असतात. म्हणूनच साताऱ्यातला ग्राहक आणि नागपुरातला ग्राहक, दोघेही ३५ च भरत आणि तरीही त्यांच्या सेलांची कधी गल्लत होत नसे.