पीएस4 (प्लेस्टेशन 4) या गेम कन्सोलच्या कंट्रोलरची स्टिक हात न लावताही एका बाजूला सरकते. घरी दुरुस्त करता येईल का?

होय, बहुतेक वेळा करता येते. स्टिकच्या बुडाशी दोन पोटेन्शिओमीटर (स्टिक किती सरकली ते मोजणारे छोटे भाग) असतात. त्यांतील कार्बनच्या पट्टीवर धूळ साचली किंवा ती झिजली, की स्टिक मध्यावर असूनही कंट्रोलरला ती सरकल्यासारखी वाटते. मागचे 4 स्क्रू काढून, आतली रिबन केबल (चपटी, पातळ वायर) न ताणता झाकण उघडून आणि बॅटरीची जोडणी सोडवून, पोटेन्शिओमीटरचे कडेचे झाकण अलगद उचकटावे व 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पट्टी पुसून ती पूर्ण वाळू द्यावी (वंगणाचा फवारा मात्र मुळीच नको). पट्टीच झिजली असेल, तर हा उपाय टिकत नाही. मग स्टिकचे अख्खे मॉड्यूल बदलावे लागते, आणि त्याच्या सोल्डर केलेल्या 14 जोडांवरचे जुने कथील काढणे सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर अवघडच जाते.