कम्युनिटी कॉलेजातून यूसीमध्ये जाताना दोन वर्षे वाया जातात का?

मुलीला बारावीनंतर कॅलिफोर्नियातील कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात, घालून, दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीमध्ये, अभियांत्रिकीसाठी पाठवावे का आणि त्यात तिची वर्षे फुकट जातील का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः याच वाटेने यूसी डेव्हिसला गेलो. वर्षे फुकट जात नाहीत; मात्र हाताशी असतो तो वेळ दोन वर्षांपेक्षा बराच कमी असतो.

यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरायचा असल्यामुळे त्यात दाखवायला मुख्यतः पहिल्या वर्षाचेच ग्रेड असतात. शिवाय डी अँझात कॅल्क्युलस हे मॅथ १ए ते १डी अशा चार क्वार्टरांत, म्हणजे जेमतेम तीन-तीन महिन्यांच्या सत्रांत, विभागलेले आहे, एक उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढचे घेता येत नाही आणि फिजिक्सची मालिकाही कॅल्क्युलसच्या मागोमागच चालते. ज्याची सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून होते, त्याला अभियांत्रिकीची सगळी तयारी दोन वर्षांत बसवणे फार अवघड जाते. ‘वर्ष वाया गेले’ म्हणतात ते बहुधा इथेच.

म्हणून पहिल्या क्वार्टरची नावनोंदणी करण्यापूर्वीच असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर डी अँझा, हवा तो यूसी कॅम्पस आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडून कोणता कोर्स कशाच्या जागी धरला जातो, हे मुलीने स्वतः पाहावे. कौन्सेलर मदत करतातच, पण एखादा कोर्स यूसी स्वीकारते म्हणजे तो मेजरच्या अटीत बसतो असे नव्हे. प्रवेशासाठी लागणारी ९० क्वार्टर युनिट्स (कोर्सेसचे श्रेयांक) पूर्ण होऊनही मेजरची तयारी अपुरी राहू शकते. त्यातही एकाच मेजरसाठी दोन कॅम्पसांच्या अपेक्षा वेगळ्या असतात.

‘टॅग’ नावाची प्रवेशहमी डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पसांत मिळते, तीही एका वेळी एकाच ठिकाणी, आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्ये वेगळा करावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. अभियांत्रिकीची काही मेजर्सही तिच्यातून वगळलेली असतात, तेव्हा त्या-त्या कॅम्पसच्या अटी बारकाईने वाचाव्यात.

खर्चाचे म्हणाल, तर राज्यातील रहिवाशांना डी अँझात एका युनिटला ३१ डॉलर पडतात, म्हणजे ९० युनिट्सचे शिक्षणशुल्क तीन हजारांच्या आत बसते. यूसीत एका वर्षाचेच चौदा हजारांवर जाते. आपल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचे नाव अजूनही जरा दबक्या आवाजात घेतले जाते, हे मला कधीच पटलेले नाही. ही वाट राज्याने उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच मुद्दाम आखून ठेवली आहे.

डेव्हिसला पोहोचल्यावर मात्र क्वार्टर दहा आठवड्यांचा असतो आणि शेजारी बसलेल्यांची प्राध्यापकांशी दोन वर्षांची ओळख झालेली असते. प्रयोगशाळेत काम करायचे असेल, तर मुलीने पहिल्याच क्वार्टरमध्ये प्राध्यापकांना ईमेल करावेत.