‘फिंगर’चे इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ काय, गल्लत कुठे होते?

सगळ्यात जास्त घोळ ‘पुट फिंगर ऑन’चा. मध्ये ‘माय’ किंवा ‘युअर’ असेल तर नेमकं काय ते ओळखणं, तेही बहुधा नकारात: ‘आय कान्ट पुट माय फिंगर ऑन इट’, म्हणजे काहीतरी खटकतंय, पण नक्की काय ते सांगता येत नाही. तिथेच ‘द’ घातलंत की एखाद्याचं नाव पोलिसांना सांगणं!

‘लिफ्ट अ फिंगर’ही बहुतेक नकारातच येतो: ‘ही डिडन्ट लिफ्ट अ फिंगर’, इकडची काडी तिकडे केली नाही. ‘बर्न युअर फिंगर्स’ म्हणजे हात पोळणे, विशेषतः पैशाच्या व्यवहारात. बागकामात हात चांगला असेल तर ब्रिटिश ‘ग्रीन फिंगर्स’ म्हणतात, अमेरिकन ‘ग्रीन थंब’.