जुन्या कोअर टू ड्युओ लॅपटॉपवर लिनक्समधे प्रोसेसर बूट झाल्यापासूनच ८०० मेगाहर्ट्झवर अडकलाय, गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवूनही फरक नाही, काय करू?

गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवूनही तुमचा कोअर टू ड्युओ ८०० वरून हलत नाहीये ना, मग गव्हर्नरचा नाद सोडा. प्रोसेसरने स्पीडच्या खालच्या आणि वरच्या मर्यादेमधे कुठे चालायचं एवढंच तो ठरवतो, परफॉर्मन्स म्हणजे वरच्या टोकाला, वरची मर्यादाच कोणी ८०० वर आणून ठेवली असेल तर परफॉर्मन्स म्हणजे पण ८००च. ती कोणी आणली ते आधी शोधा.

सिसमधे (/sys) प्रत्येक कोअरचं सीपीयूफ्रेक (cpufreq) फोल्डर असतं, त्यातल्या स्केलिंग मॅक्स (scaling_max_freq) आणि बायोस लिमिट (bios_limit) या दोन फायली टर्मिनलमधे कॅट कमांडने उघडून बघा. आकडे किलोहर्ट्झमधे येतात, ८००००० दिसलं तर ८०० मेगाहर्ट्झ समजा. बायोस लिमिट पूर्ण आणि फक्त स्केलिंग मॅक्स कमी असेल तर टीएलपीसारखं बॅटरी वाचवणारं काहीतरी चालू असणार, त्याची सेटिंग बघा.

पण बायोस लिमिटच कमी असेल, आणि जुन्या मशीनवर मला पहिला संशय त्याचाच येतो, तर बायोसच (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतोय की याच्यावर जाऊ नको. बहुतेक वेळा कारण पॉवरचं निघतं, चार्जर कमी वॉटचा आहे किंवा बायोसला ओळखू येत नाहीये किंवा बॅटरी मेलीये नाहीतर काढून ठेवलीये, मग लोड आला की चार्जर एकटा पुरणार नाही म्हणून बायोस आधीच स्पीड बांधून ठेवतो. बॅटरी जिवंत असेल तर चार्जर काढून बघा, आकडा वर गेला तर चोर सापडला. लॅपटॉपच्या खालच्या लेबलवर व्होल्ट अँपिअर लिहिलेले असतात ते चार्जरशी जुळवून बघा.

प्रोसेसर डॉट इग्नोर पीपीसी बरोबर १ (processor.ignore_ppc=1) हे कर्नल पॅरामीटर, म्हणजे बूट होताना कर्नलला द्यायची सूचना, दिलं की बायोसची ही मर्यादा दुर्लक्षित होते, पण चार्जर कमजोर असताना कृपया देऊ नका, तो तापेल किंवा लोडवर लॅपटॉप धाडकन बंद पडेल आणि उघडी फाइल जाईल. चार्जर ठीक आहे याची खात्री झाल्यावरच वापरा.

उष्णतेचा प्रश्न असता तर थोडा वेळ काम केल्यावर स्पीड पडला असता, थंड मशीन बूट केल्या केल्या ८०० दिसतंय म्हणजे धूळ आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नंतर बघू. आणि इंटेल पीस्टेट बंद करा असं कोणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका, प्रोसेसरचा स्पीड सांभाळणारा तो ड्रायव्हर इंटेलच्या सँडी ब्रिज या नंतरच्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरना लागतो, तुमच्याकडे एसीपीआय सीपीयूफ्रेक हा दुसरा ड्रायव्हर असणार.

त्या दोन फायलींचे आकडे आणि चार्जरवरचे वॉट इथे टाका, मग पुढचं सांगतो.