वाचकांचे प्रश्न : जुने सैन्य, नवे नियम

प्रश्न : सादर नमस्कार. १९९६ साली मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये होतो. तेव्हा ‘वॉरहॅमर’ या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या पाचव्या आवृत्तीची पेटी मी विकत घेतली. तिच्यातले ब्रेटोनिया या काल्पनिक राज्याचे घोडेस्वार आणि ‘लिझर्डमेन’ हे सरडेमानवांचे सैन्य आजही माझ्याकडे जपून ठेवलेले आहे. मध्यंतरी हा खेळ बंद झाला आणि आता तो ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने परत आला, असे कळते. हा खरोखर तोच खेळ आहे का? माझे जुने सैन्य त्यात चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. सैन्य चालेल, पण आपल्या पेटीतल्या दोन्ही बाजूंना सारखी वागणूक मिळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ बाजारात आला, तेव्हा ब्रेटोनिया हे त्यातल्या पहिल्या दोन सैन्यांपैकी एक होते आणि गेम्स वर्कशॉप या कंपनीने त्याचे कित्येक जुने छोटे पुतळे पुन्हा विक्रीला काढले. लिझर्डमेन मात्र मुख्य सैन्यांत नाहीत. त्यांचे नियम विनामूल्य पीडीएफच्या रूपात देऊन कंपनीने त्यांची बोळवण केली आहे. शिवाय पुतळ्यांखालच्या चौकोनी बैठकी आता मोठ्या झाल्या आहेत. माणसांच्या पायदळासाठी पूर्वी २० मिलिमीटरची बैठक असे, ती आता २५ मिलिमीटरची आहे, आणि घोडेस्वारांची २५ बाय ५० ची बैठक ३० बाय ६० झाली आहे. जुने पुतळे बैठकीवरून सोलून काढण्याची मुळीच गरज नाही. तुकडी ज्या ट्रेवर उभी करतात, तो थोडा मोठा घेऊन पुतळ्यांमध्ये फट ठेवली की काम भागते.

‘तोच खेळ आहे का’ हा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण त्याआधी ‘तोच म्हणजे कोणता’ हे ठरवावे लागते. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा हा खेळ १९८३ मध्ये निघाला आणि २०१० पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या झाल्या. आपल्या पाचव्या आवृत्तीत जादूचे पत्ते होते आणि एकटा सेनानायक अख्खी तुकडी कापून काढत असे, इतका की त्या काळाला खेळाडू थट्टेने ‘हिरोहॅमर’ म्हणत. आठव्या आवृत्तीत याउलट पायदळाच्या प्रचंड तुकड्यांचे राज्य आले. या दोन खेळांत नाव आणि चौकोनी बैठक यांपलीकडे साम्य शोधावे लागते. त्यामुळे नव्या खेळाने मूळाशी इमान राखले नाही, अशी तक्रार करणारा प्रत्येक जण बहुधा आपल्या तरुणपणीच्या आवृत्तीलाच मूळ समजत असतो.

माझ्या मते खेळाचे इमान नियम खेळाडूला कोणत्या पेचात टाकतात यावर जोखावे. पुतळे आणि कथा त्यानंतर. जुन्या ‘वॉरहॅमर’चा पेच हालचालीत होता. तुकडी सरळ चालते, वळायचे तर एक कोपरा जागी ठेवून दारासारखी फिरते, आणि बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर तिच्या चालीतून वजा होते. एकदा तोंड चुकीच्या दिशेला राहिले की बगलेवर हल्ला आलाच म्हणून समजावे. हा पेच नव्या खेळात जसाच्या तसा आहे, आणि तो खेळाचा कणा असल्याने मी या पुनरागमनाला खोटे म्हणणार नाही. आपल्या ब्रेटोनियन स्वारांची ‘लान्स’ नावाची खास रचनाही टिकलेली आहे.

चढाईचा नियम मात्र बदललेला आहे, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा बदल आहे. आपल्या आवृत्तीत चढाईचे अंतर पक्के होते, म्हणजे चालीच्या दुप्पट, पण आधी मोजपट्टी लावायला बंदी होती. शत्रू चौदा इंचांवर आहे की सोळा, हे नजरेने ठरवायचे, चढाई जाहीर करायची आणि मगच मोजायचे. अंदाज चुकला की तुकडी उघड्यावर अडकायची. नव्या नियमांत हवे तेव्हा मोजता येते, पण चढाईचे अंतर म्हणजे चाल अधिक दोन फाशांपैकी मोठा आकडा. म्हणजे अनिश्चितता तेवढीच राहिली, फक्त ती खेळाडूच्या नजरेतून फाशात गेली. मोजण्यावरून होणारी भांडणे त्यामुळे मिटली हे खरे, पण वर्षानुवर्षे खेळून कमावलेली नजर कवडीमोल झाली. जुन्या खेळाडूला काहीतरी हरवल्यासारखे वाटते, ते बरेचसे यामुळेच असावे.

उलट पराभवाचा नियम मला जुन्यापेक्षा सरस वाटतो. पूर्वी झटापट हरलेली तुकडी एक तर टिकून राहायची, नाही तर उधळून पळायची. आता मधली एक पायरी आली आहे. फाशांचा नुसता आकडा तुकडीच्या धैर्याच्या मर्यादेत असेल, पण पराभवाच्या फरकाची भर घातल्यावर तो मर्यादा ओलांडत असेल, तर तुकडी शिस्तीने माघार घेते. भर घालूनही मर्यादेत राहिली, तर ती फक्त थोडी मागे रेटली जाते. युद्धाची कल्पना यात जास्त खरी उतरते, आणि हा बदल मूळच्या वृत्तीला धरूनच आहे.

मधल्या काळाबद्दलही सांगायला हवे. २०१५ मध्ये कंपनीने कथेतच ‘वॉरहॅमर’चे काल्पनिक जग नष्ट केले आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. त्यात गोल बैठकी होत्या, अवघी चार पानांची नियमावली होती आणि दोन्ही सैन्ये तुल्यबळ आहेत का हे मोजायला गुणच नव्हते. ते पुढच्या वर्षी आले. एका जुन्या सेनानायकाच्या नियमात तर, आपली मिशी प्रतिस्पर्ध्याच्या मिशीपेक्षा भारदस्त असेल तर खेळाडूला लाभ होई. जुन्या खेळाडूंना ही आपली टवाळी वाटली. तरीही त्या खेळाने आपण तोच जुना खेळ असल्याचा दावा केला नव्हता, हे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. ‘द ओल्ड वर्ल्ड’ तसा दावा करतो, म्हणून त्याला कसोटी कडक लावायची. त्याची कथाही आपल्या ओळखीच्या सम्राट कार्ल फ्रांझच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीची, तीन सम्राटांच्या भांडणाच्या काळातली आहे.

प्रश्न : नियम अजिबात न बदलता परत आलेला एखादा युद्धखेळ आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात न बदलता असे कोणाबद्दलच म्हणता येणार नाही, पण ‘बॅटलटेक’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. महाकाय लढाऊ यंत्रांचा हा अमेरिकन खेळ १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने आला आणि ‘ड्रॉइड’ शब्दावर ‘स्टार वॉर्स’वाल्या लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याला नाव बदलावे लागले. षटकोनी घरांचा नकाशा, दोन फाशांवर ठरणारा नेम, कागदावरच्या चिलखताच्या टिकल्या एकेक करून खोडणे, आणि जास्त गोळीबार केला की यंत्र तापणे, ही सगळी यंत्रणा मुळाबरहुकूम आहे. त्या काळचा यंत्राचा तक्ता घेऊन आजही डाव मांडता येतो.

गंमत अशी की इथे नियम टिकले आणि चेहरे बदलले. सुरुवातीच्या कित्येक यंत्रांची चित्रे ‘मॅक्रॉस’सारख्या जपानी ॲनिमेशन मालिकांतून घेतली होती. हक्कांच्या वादामुळे ती पुढे वगळावी लागली, आणि आजच्या पुतळ्यांत तीच यंत्रे नव्याने रेखाटलेली दिसतात. पुण्याच्या वाचकांना जुने पुतळे परत मिळाले पण नजरेचा खेळ मिळाला नाही. ‘बॅटलटेक’च्या जुन्या खेळाडूचे बरोबर उलटे झाले. मला विचाराल तर मी दुसरा सौदा पत्करीन.