ऊलाँग पहिल्यांदा घेतोयस ना, मग हे वाच

अमृततुल्यचा चहा पिऊन वाढलेल्या पुणेकराला ऊलाँगचा पहिला घोट पाणचटच लागतो. माझंही तेच झालं होतं. म्हणून सांगते, एका कपावर निकाल लावू नकोस. आणि दूध-साखर अजिबात नको.

ऊलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, पानं अर्धवट ऑक्सिडाइझ केलेली, म्हणजे हवेने थोडी काळपट होऊ दिलेली. सुरुवात चीनच्या फुजियान प्रांतातल्या तिएग्वानयिन या ऊलाँगने कर. घट्ट वळलेल्या हिरव्या गोळ्या असतात, फुलांसारखा वास. भाजलेलं, खमंग आवडत असेल तर वुयी डोंगरातला ‘दा हाँग पाव’ नावाचा ऊलाँग घे.

१०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पानं, पाणी ९० ते ९५ अंश. सोसायटीच्या बोअरचं पाणी वापरू नकोस, क्षारांनी सुगंध मरतो. पहिलं पाणी ओतून लगेच काढून टाक आणि झाकण उघडून ओल्या पानांचा वास घे. हे चुकवू नकोस! मग २०-३० सेकंदांत गाळ, पुढच्या प्रत्येक वेळी थोडं जास्त थांब. त्याच पानांचा पाच-सहा वेळा चहा होतो. तिसऱ्या वेळेला गोळी पूर्ण उलगडते, घशात मागाहून गोडवा येतो. मला तोच कप सगळ्यांत प्रिय.

ऊलाँग प्यायल्यावर मन निवतं, त्यात चहातल्या थिअनीन या घटकाचा हातभार असतो. पण कॅफीनही आहेच, तेव्हा रात्री नको. जेवणावर लगेच पिऊ नकोस, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आणि ‘वजन उतरतं’ म्हणून कुणी महागडं पाकीट गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हण.