थकायच्या आधी थांब

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. बोलता बोलता शब्द हरवतो, एकच पान पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही, आणि म्हणून ‘मला या वयात स्मृतिभ्रंश होतोय का’ ही धास्ती. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दुखण्याच्या आणि थकव्याच्या आपल्या या आजारात, हे होतं. निदानाच्या 1990 च्या निकषांत किमान तीन महिने अंगभर दुखतंय का आणि अंगावरच्या 18 जागा दाबून किमान 11 दुखतात का, एवढंच बघत. थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं आणि हे विसरणं निदानात धरलं गेलं ते 2010 साली. त्याआधी आमच्यासारख्यांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन रमवा’ एवढंच ऐकवायचे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लक्षात ठेवायला आधी लक्ष लागतं आणि ते दुखण्यातच खर्च होतं. पुष्कळदा तू विसरलेली नसतेस. ती गोष्ट आत पोचलेलीच नसते. तरी थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घे. प्रीगाबालिन या दुखण्यावरच्या गोळीनेही गुंगी येते, विसरायला होतं. डॉक्टरांना तसं सांग. गोळी परस्पर बंद करू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ‘बरं वाटतंय तोवर उरकून घेते’ असं तू लिहितेस, आणि पुढच्याच ओळीत चार दिवस अंथरुणाला खिळल्याचं. अगं, यांचा संबंध तुला दिसत नाही? थकायच्या आधी थांब. थकल्यावर थांबणं म्हणजे थांबणं नव्हे, ते कोसळणं. आपल्या शरीराचा इशारा उशिरा येतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नकोस. वीस मिनिटांचा गजर लाव. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. पुढे काय लिहायचं होतं ते दोन शब्दांत समासात टिपून ठेव आणि ऊठ. चांगल्या दिवशी तर हे जास्तच पाळायचं, कारण घात चांगल्या दिवशीच होतो.

थांब म्हणजे पडून राहा असं नाही. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शक शिफारशींत ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, व्यायामाची. रोज थोडं चाल. पाच मिनिटं जमत असतील तर पाचच, आणि दम शिल्लक असताना परत फिर.

लोक बोलतील. बहिणीच्या घरच्या कार्यातून मी अर्ध्यात उठून आले, ते तिला अजून खुपतं. मलाही खुपतं. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर उभी होते, आणि माझी नोकरी याच हट्टावर टिकली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उठेन. तिला समजावत बसायचं त्राण मी कामासाठी राखलं, यात माझं काय चुकलं?

तेव्हा थकायच्या आधी थांब. कोणाला आळस वाटला तर वाटू दे.

उत्तर एका बैठकीत लिहू नकोस. अर्धं आलं तरी चालेल.

तुझी,
मावशी